टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतो तेव्हा केबलच्या आत काय अडलेलं असतं

मागच्या महिन्यात कराडहून मामांचा फोन आला. घरी नवा ४३ इंची टीव्ही घेतलाय, मामेबहिणीची बारावी आहे, तिला लेक्चर मोठ्या स्क्रीनवर बघायची म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला तर टीव्हीवर नुसतं ‘नो सिग्नल’. केबल बदलून झाली, दुसऱ्या केबलला साडेआठशे रुपये गेले, तरी तेच. मग एका दुकानात फोनवर विचारलं तर तिथून सांगितलं की लॅपटॉपचा पोर्ट, म्हणजे केबल लावायचं भोक, गेला असणार, बोर्डाचं काम आहे, साडेचार हजारांपर्यंत जाईल. मामा विचारत होते, करून घेऊ का?

मी म्हटलं मामा थांबा, अजून एक रुपयाही देऊ नका, आधी व्हिडिओ कॉल लावा. वीसेक मिनिटांत चित्र आलं. पोर्ट धडधाकट होता, पहिली केबलसुद्धा चांगलीच होती, म्हणजे ते साडेआठशे पण उगाच गेले. असे फोन मला वर्षातून पाच-सहा तरी येतात आणि माणसं तोपर्यंत बहुतेक वेळा काहीतरी विकत घेऊन बसलेली असतात, म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय.

ही केबल म्हणजे पाण्याचा पाइप नाही

आपल्या डोक्यात चित्र असं असतं की लॅपटॉपमधून चित्र निघतं, वायरीतून वाहतं आणि टीव्हीत पडतं, म्हणजे नळाला पाइप लावल्यासारखं. मग पाणी आलं नाही तर एक तर नळ बिघडला किंवा पाइप फुटला. जुन्या निळ्या पिनेच्या व्हीजीए केबलचं साधारण तसंच होतं, ती आयबीएमने १९८७ मध्ये आणली आणि तिच्यातून लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे कमीजास्त होणारे विजेचे सिग्नल थेट जायचे.

आजची एचडीएमआय केबल वेगळी आहे. तिचा पहिला नमुना २००२ च्या डिसेंबरमध्ये ठरला आणि तेव्हापासून तिच्यात १९ पिना आहेत. त्यातल्या १२ पिना चित्र आणि आवाज नेतात, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याचशा आहेत दोन मशीनच्या आपसातल्या बोलण्यासाठी! म्हणजे चित्र जायच्या आधी लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी बोलतात, याला हँडशेक म्हणतात, आणि ते बोलणं पूर्ण झाल्याशिवाय लॅपटॉप चित्र सोडतच नाही.

हे बोलणं कसं होतं ते बघा. केबल लावली की लॅपटॉप एका पिनेवर ५ व्होल्ट देतो, टीव्ही ते दुसऱ्या एका पिनेवरून परत पाठवतो, म्हणजे दाराची बेल वाजली आणि आतून ‘आलो आलो’ असा आवाज आला. मग लॅपटॉप टीव्हीला त्याचा बायोडेटा मागतो. हो, अगदी स्थळ बघताना मागतात तसा. टीव्हीच्या आत एका छोट्या चिपवर तो साठवलेला असतो, नाव ईडीआयडी, साधारण २५६ बाइटचा, म्हणजे दोन एसएमएसमध्ये मावेल एवढा. त्यात कंपनी कोणती, मॉडेलचं नाव काय, किती ठिपक्यांचं चित्र चालतं, सेकंदाला किती वेळा बदललेलं चालतं, स्पीकर आहेत का, हे सगळं असतं. तो वाचून लॅपटॉप ठरवतो की या टीव्हीला काय पाठवायचं.

आता विचार करा, बेल वाजलीच नाही तर? किंवा बायोडेटा अर्धवट वाचला गेला तर? लॅपटॉप चांगला, टीव्ही चांगला, केबल चांगली, तरी पडदा काळा. मामांकडेही काही मोडलेलं नव्हतं, फक्त दोन सेटिंग चुकली होती, ती पुढे येतील.

टीव्ही नेमकं काय म्हणतोय ते वाचा

लोक सांगताना ‘काही दिसत नाही’ एवढंच सांगतात, पण काही न दिसण्याचेही प्रकार आहेत आणि त्यातच अर्धं उत्तर असतं.

‘नो सिग्नल’ म्हणजे टीव्हीपर्यंत चित्र पोचलेलंच नाही. लॅपटॉपने पाठवलं नाही, किंवा टीव्ही भलत्याच सॉकेटकडे बघत बसलाय. ‘मोड नॉट सपोर्टेड’ किंवा ‘आउट ऑफ रेंज’ असं आलं तर मात्र खूश व्हा, कारण सिग्नल टीव्हीपर्यंत पोचलाय, केबल चालू आहे, पोर्ट चालू आहेत, फक्त लॅपटॉप टीव्हीला न झेपणाऱ्या आकाराचं किंवा वेगाचं चित्र पाठवतोय. सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० करा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा, ६० करा. चुकून आणखी बिघडलं तरी घाबरायचं कारण नाही, विंडोज १५ सेकंद वाट बघतं आणि तुम्ही ‘हो ठेवा’ म्हटलं नाहीत तर आपोआप आधीच्या सेटिंगवर येतं.

तिसरा प्रकार म्हणजे चित्र येतं पण मधूनमधून जातं, पांढरे ठिपके चमकतात, पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येतो. इथे मात्र संशय केबलवर घ्यायचा, ते पुढे सांगतो.

आधी फुकटात होणारं सगळं करून घ्या

टीव्हीच्या मागे दोन-तीन एचडीएमआय सॉकेट असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. टॉर्च घेऊन बघा केबल कुठल्या नंबरात आहे आणि रिमोटच्या सोर्स किंवा इनपुट बटणाने तोच नंबर निवडा. मामांची केबल २ मध्ये होती, टीव्ही १ वर होता. लेबल टीव्हीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून असतं, कोणाला दिसणार!

मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि पी दाबा. चार पर्याय येतात. पहिला ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ म्हणजे टीव्हीला काही पाठवू नको, ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच, ‘एक्स्टेंड’ म्हणजे टीव्ही हे वाढीव टेबल, आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त टीव्ही. मामांचं पहिल्यावर अडकलं होतं. एक्स्टेंडमध्येही लोक फसतात, टीव्हीवर नुसता वॉलपेपर दिसतो, आयकॉन नाही काही नाही, वाटतं बिघडलं, पण ते तसंच असतं, व्हिडिओची खिडकी माउसने ओढत कडेच्या बाहेर नेली की ती टीव्हीवर निघते.

आणि आता माझी सगळ्यात आवडती तपासणी. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले उघडा आणि बघा तिथे दुसरा स्क्रीन दिसतोय का, टीव्हीचं नाव येतंय का. ते नाव कुठून आलं असेल? बायोडेट्यातून. म्हणजे नाव दिसलं तर बेल वाजली, बायोडेटा वाचला गेला, बोलण्याच्या तारा शाबूत आहेत, ‘पोर्ट मेला’ हे निदान जवळजवळ निकालात निघालं, आता प्रश्न फक्त सेटिंगचा किंवा चित्राच्या तारांचा. नाव दिसलंच नाही तर बोलणं सुरूच झालेलं नाही, मग सॉकेट बदला, केबल उलटसुलट करा, दुसरी लावून बघा.

तरी नाही जमलं तर टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही बंद करा, पण टीव्ही रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने, लॅपटॉपचा चार्जर काढा, एचडीएमआय केबल पण काढा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर डुलकी घेत असतो, आतल्या चिपला वीज चालूच असते, त्यामुळे अडकलेलं बोलणं तसंच अडकून राहतं. मग आधी टीव्ही लावा, बरोबर सोर्सवर आणा, केबल जोडा आणि शेवटी लॅपटॉप सुरू करा. बायोडेटा मागायला लॅपटॉप येईल तेव्हा टीव्ही जागा असला पाहिजे, एवढाच त्या क्रमाचा अर्थ आहे.

मोठा डेस्कटॉप असेल तर अजून एक गोष्ट, डब्याच्या मागे एचडीएमआयची दोन ठिकाणं असू शकतात. एक वर, कीबोर्ड-माउसच्या सॉकेटांजवळ, ते मदरबोर्डाचं. दुसरं खाली आडव्या पट्टीत, ते ग्राफिक्स कार्डाचं. कार्ड बसवलेलं असेल तर केबल खालीच लावायची, वरचं सॉकेट अशा वेळी बऱ्याचदा बंद असतं.

‘पण सेटटॉप बॉक्स त्याच केबलने चालतो की!’

हा प्रश्न मला दर वेळी येतो आणि तो रास्त आहे. तीच केबल, तोच टीव्ही, बॉक्स लावला की चित्र, लॅपटॉप लावला की काळं, म्हणजे दोष लॅपटॉपचाच ना? नाही, तसं म्हणता येत नाही, कारण दोघं सारखं ओझं पाठवत नाहीत.

हिशेब करून बघू. साध्या फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे २० लाखांच्या वर. ४के मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख, बरोबर चौपट. हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा जायचे. फुल एचडीला केबलवर सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आत भागतं, ४के ६० ला जवळजवळ १८ गिगाबिट लागतात. तुमचा बॉक्स फुल एचडी पाठवत असेल तर तो रिकाम्या टेम्पोसारखा घाट चढून जातो. लॅपटॉपने बायोडेटा वाचला, त्यात ४के दिसलं, आणि त्याने टेम्पोत उसाचं वजन भरलं. जुनी किंवा लांबलचक केबल तिथे दम टाकते.

हे खरं आहे का ते तपासायला फुकटचा उपाय आहे, रिफ्रेश रेट ६० वरून ३० करा किंवा रिझोल्यूशन फुल एचडीवर आणा. चित्र स्थिर झालं तर केबल ओझ्याला कमी पडतेय. उलट बाजूनेही होतं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या सॉकेटसाठी ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, ‘डीप कलर’ किंवा ‘इनपुट सिग्नल प्लस’ अशा नावाचं काहीतरी असतं, कंपनीगणिक नाव बदलतं. ते बंद असेल तर बऱ्याचदा पूर्ण ४के ६० मिळत नाही आणि ते चालू असेल तर एखादं जुनं यंत्र गडबडतं, म्हणून दोन्ही करून बघायचं.

मग महागाची केबल घेऊ का?

सोन्याचा मुलामा दिलेली केबल घेतली म्हणून रंग जास्त खुलत नाहीत. चित्र आकड्यांच्या रूपात जातं, आकडा पोचला तर पूर्ण पोचतो, नाही पोचला तर ठिपके उडतात नाहीतर पडदा काळा होतो, मधलं ‘थोडं फिकं’ असं काही नसतं. मुलामा गंजू नये म्हणून असतो, कोकणातल्या दमट हवेत त्याचा थोडा उपयोग म्हणा हवं तर.

खोक्यावर ‘२.०’ की ‘२.१’ हे बघत बसू नका, ते आकडे यंत्राचे असतात. केबलवर बघायचं ते तिच्या वर्गाचं नाव, ‘हाय स्पीड’ म्हणजे फुल एचडी आणि ४के ३० ला भरपूर, ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ गिगाबिट झेपवते, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८. लेक्चर आणि सिनेमे बघायला मधली पुरे. आणि गरज दोन मीटरची असेल तर दहा मीटरची घेऊ नका, साध्या तांब्याच्या केबलला लांबी वाढली की जास्त वेग झेपत नाही.

कन्व्हर्टरला दिशा असते

इथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे, त्याला फक्त निळी व्हीजीए. कोणीतरी टीव्ही भेट दिला, त्याला फक्त एचडीएमआय. मंडळींनी बाजारातून कन्व्हर्टर आणला, एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्याला एचडीएमआय, लावला, चित्र नाही. दुसरा आणला, तरी नाही. टीव्ही परत करायची भाषा सुरू झाली होती.

दोन्ही कन्व्हर्टर उलट्या दिशेचे निघाले. दुकानात सहज मिळतो तो एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा, म्हणजे नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला लावायचा. वाचनालयाला हवा होता व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा. बाहेरून दोन्ही जुळ्या भावंडांसारखे दिसतात, पण आतली चिप एकाच दिशेने भाषांतर करते, मराठीतून कन्नडमध्ये करणारा दुभाषा उलटं करू शकेलच असं नाही. योग्य कन्व्हर्टरला सहसा एक यूएसबीची शेपटी असते, कारण त्या चिपला वीज लागते, आणि एक बारीक आवाजाची वायर असते, कारण व्हीजीएमधून आवाज जातच नाही. ती यूएसबी लावायची राहिली तरी ‘नो सिग्नल’. दुकानात ‘व्हीजीए-एचडीएमआय द्या’ असं न म्हणता ‘कॉम्प्युटर व्हीजीए आहे, टीव्ही एचडीएमआय आहे’ असं म्हणा.

टाइप सीचंही असंच. भोक सारखं दिसतं म्हणून प्रत्येक टाइप सीमधून चित्र निघत नाही, काही फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात, आणि स्वस्त फोनांमध्ये तर बहुतेक तसंच असतं. घ्यायच्या आधी मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउट’ असं लिहिलंय का बघा. आणि लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये सेटटॉप बॉक्स लावून लॅपटॉपवर टीव्ही दिसेल असं वाटत असेल तर तसं होत नाही, ते भोक बाहेर जायचं आहे, आत यायचं नाही.

चित्र आलं, पण…

कडा कापल्या जातात, खालचा टास्कबार अर्धा गायब. हा जुन्या डबा टीव्हीचा वारसा आहे, तेव्हा चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून टीव्ही मुद्दाम चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायचा, याला ओव्हरस्कॅन म्हणतात. आज त्याची गरज नाही तरी कित्येक टीव्ही ते करतात. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय शोधा. लॅपटॉपवर नका शोधू, दोष टीव्हीकडे आहे.

आवाज लॅपटॉपमधूनच येतो? घड्याळाजवळच्या स्पीकरवर क्लिक करून टीव्हीचं नाव निवडा.

अक्षरं पुसट दिसतात? ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही असेल तर त्याच्यात मुळात १३६६ बाय ७६८ एवढेच ठिपके असतात, लॅपटॉप १९२० बाय १०८० पाठवतो, टीव्ही ते दाबून बसवतो. सिनेमात कळत नाही, अक्षरांत लगेच कळतं. लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ मिळतंय का बघा, नाही मिळालं तर अक्षरांचा आकार १५० टक्के करा. मोठ्या टीव्हीवर अक्षरांच्या कडेला रंग फुटत असतील तर त्या इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करा, बऱ्याच टीव्हींमध्ये नुसतं नाव बदललं की टीव्ही चित्राशी खेळणं थांबवतो.

यूट्यूब दिसतं, सिनेमा लावला की काळं

हा बिघाड नाही, पहारा आहे. ओटीटीवरचे सिनेमे कोणी केबलमधून रेकॉर्ड करू नये म्हणून एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, इंटेलने बनवलेलं. लॅपटॉप टीव्हीला विचारतो तुझ्याकडे पास आहे का, टीव्हीने दाखवला तरच सिनेमा सोडतो. मध्ये एखादा स्वस्त स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र दोन टीव्हींना वाटणारा डबा, किंवा कन्व्हर्टर असेल आणि त्याच्याकडे पास नसेल तर आवाज येतो, चित्र काळं. मधली सगळी यंत्रं काढून थेट एका केबलने जोडा. व्हीजीए कन्व्हर्टरवर हे जमणार नाही, तिथे हा पास तपासायची सोयच नाही.

‘केबल कशाला, वायफायनेच होतं की’

होतं. विंडोजचं बटण आणि के दाबलं की जवळचे टीव्ही दिसतात. फोटो दाखवायला, पाहुण्यांना लग्नाचा व्हिडिओ दाखवायला छान आहे. पण चित्र आधी दाबून लहान करायचं, हवेतून पाठवायचं, तिकडे परत उलगडायचं, यात वेळ जातो, माउस हलवला की टीव्हीवर तो मागून येतो. रोज तीन तास गणितं बघणाऱ्या मुलीला मी केबलच सांगेन.

एक गोष्ट जिवाची

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर किंवा केबल जोडताना झिणझिण्या आल्या तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बऱ्याचदा ती चार्जरमधून झिरपणारी अगदी थोडी वीज असते, माणसाला धोका नसला तरी एचडीएमआयच्या नाजूक चिपला ती पुरते. पण घराचं अर्थिंग नसेल किंवा वायरिंगमध्ये दोष असेल तरी तसंच वाटतं, आणि तो माणसालाही धोका आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, टीव्ही आणि लॅपटॉप एकाच तीन पिनी बोर्डवर लावा, आणि झिणझिण्या येत असतील तर टीव्हीचा प्लग आणि लॅपटॉपचा चार्जर काढूनच केबल जोडा.

पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की छतावरच्या डिशची केबल बॉक्समधून काढून ठेवा, आणि ती आधीच काढा, डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर हात लावू नका. नुसता टीव्हीचा प्लग काढून भागत नाही, डिशच्या तारेतून झटका बॉक्समध्ये, बॉक्सच्या एचडीएमआयमधून टीव्हीत आणि तिथून लॅपटॉपपर्यंत जाऊ शकतो. पोर्ट खरोखर मरतात ते कित्येकदा असेच.

खरंच दुकानात जायची वेळ आली तर

लॅपटॉप दुसऱ्या कोणाच्या टीव्हीला लावून बघा आणि दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप तुमच्या टीव्हीला, तीच केबल वापरून. तुमचा लॅपटॉप कुठेच चालत नाही आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये कुठल्याच टीव्हीचं नाव येत नाही, तर पोर्ट तपासायला द्या, आणि द्यायच्या आधी तुमच्या डोळ्यांसमोर दुकानातल्या स्क्रीनला लावून दाखवायला सांगा. लॅपटॉपला चित्र सोडणारं टाइप सी असेल तर त्यातून एचडीएमआय काढणारं कन्व्हर्टर बोर्डाच्या कामापेक्षा खूप स्वस्त पडतं, तेही विचारा.

मामांनी ती साडेआठशेची केबल परत नेऊन दिली, दुकानदाराने बदल्यात एक्स्टेंशन बोर्ड दिला, तीन पिनी. टीव्ही आणि लॅपटॉप आता त्याच्यावरच आहेत.